आईच्या वाटचं इंजेक्शन

आमच्या घरात त्या वर्षी तिघंही थकलेले होतो, आणि थकव्यावरचं औषध मात्र एकाच माणसाचं होतं. ते माझ्या सासूबाईंचं. त्यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाल्यावर पुण्याचं घर बंद करून आम्ही त्यांना बंगळूरला, सर्जापूर रोडवरच्या आमच्या फ्लॅटमध्ये घेऊन आलो. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि शिवाय रक्त वाढवणारं एक इंजेक्शन. मूत्रपिंडं गेली की शरीराला रक्त तयार करायचा निरोपच मिळत नाही, तो निरोप या इंजेक्शनातून द्यायचा, असं डॉक्टरांनी मला समजावलं. 'मला' असं म्हणते, कारण समजावून घ्यायला नेहमी मीच हजर असायची.

मी बेळगावची. मला कन्नड येतं, आणि लग्न होऊन या गावात आल्यापासून या एका गुणाची शिक्षा मी भोगतेय. गॅसवाला, प्लंबर, सोसायटीचा वॉचमन, विजेचं ऑफिस, आणि आता हॉस्पिटल. 'तुला येतं ना, तूच बोल.' माझा नवरा पुण्याचा. निम्मं आयुष्य इथं काढून त्याची कन्नड 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, या दोन शब्दांवर उभी आहे, आणि त्या दोन शब्दांत डायलिसिस होत नाही. माझी स्वतःची नोकरी सॉफ्टवेअर टेस्टिंगची. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि घरी येऊन तेच काम फुकट करायचं.

सासूबाईंना मी आईच म्हणते. स्वभावानं गरीब बाई. स्वतःचं काही मागणार नाहीत आणि दुसऱ्यानं मागायच्या आत देऊन मोकळ्या होतील. मी खूपदा म्हटलंय त्यांना, 'आई, जरा स्वार्थी व्हा की.' त्या हसायच्या. म्हणायच्या, 'आता काय शिकवतेस मला नवीन.'

सायकलचं खूळ घरात शिरलं ते लॉकडाउननंतर. तोवर नवऱ्याचं पोट, बीपी आणि चिडचिड, तिन्ही वाढलेलं, म्हणून सायकल आली तेव्हा मी देवापुढं साखर ठेवली. पहिलं वर्ष खरंच छान गेलं. पोट उतरलं, झोप लागायला लागली. रविवारी सकाळी सोसायटीतल्या सायकलवाल्यांबरोबर देवनहळ्ळीच्या बाजूला जायचा, इडली-वडा खाऊन यायचा, आम्हाला चटणीसकट बांधून आणायचा. मग कुणीतरी त्याच्या फोनवर ते ॲप घालून दिलं आणि इडली-वडा संपला.

त्या ॲपमध्ये रस्त्यांचे तुकडे पाडलेले असतात. अमक्या पुलापासून तमक्या झाडापर्यंत सगळ्यात कमी वेळात कोण गेलं, त्याची यादी. आमच्याकडच्या सायकलवाल्यांत सगळ्यात मानाचा तुकडा म्हणजे नंदी हिल्सचा चढ, पायथ्यापासून वरच्या पार्किंगपर्यंत. तिथं शर्यत नसते, शिट्टी नसते, बक्षीस तर नसतंच. आपल्या सोयीनं केव्हाही जायचं, चढायचं, आणि हँडलवरचं छोटं यंत्र वेळ मोजून यादीत टाकतं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या पुरुषांची यादी वेगळी. माझ्या नवऱ्याचा जीव त्या यादीत अडकला.

घरात भात वजनकाट्यावर आला. पुरणपोळीकडे तो संशयानं बघायला लागला. एक दिवस पायांवरचे केस काढून आला तर आई घाबरल्याच, 'काय झालं रे, काही त्वचेचं आहे का?' तो म्हणाला, 'नाही गं, वारा कमी लागतो.' आई माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, 'माझ्याकडे बघू नका, तुमचा मुलगा आहे.' तेव्हा आम्ही हसू शकत होतो.

पुढं तो एका जागी अडकला. यादीत वरच्या दहांत यायचा, पण त्याच्या वर जाईना. वरचे लोक कोण, ते त्याला ठाऊक नव्हतं. टोपणनावं आणि धूसर फोटो, एवढीच ओळख. पण त्यांच्यावर राग मात्र घरच्यांवर असतो तसा. जेवताना सुरू व्हायचा, 'पन्नाशीचा माणूस इतका वेगानं चढूच शकत नाही. घेतात साले. सगळे घेतात.' काय घेतात, तर रक्त वाढवायची औषधं. रक्त वाढलं की दम लागत नाही, पाय भरून येत नाहीत. मी म्हणायची, 'घेईनात का. तुला काय करायचंय? तू आमटी घे.' कित्येक महिने हे ऐकलं. मग एकदम बंद झालं. वरच्यांबद्दल तो बोलेनासाच झाला, आणि मला वाटलं, सुटली पीडा.

त्याच सुमारास त्यानं आईंचं इंजेक्शन स्वतःकडे घेतलं. ते कातडीखाली द्यायचं असतं, घरी देता येतं. तोवर मीच द्यायची. तो म्हणाला, 'तू किती करशील? हे मी बघतो.' लग्नाला इतकी वर्षं झाली, असं वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं. मला रडायलाच आलं. बेळगावला फोन करून माझ्या आईला सांगितलं, जावई सुधारला म्हणून. तिकडून तिनं मावशीला सांगितलं. ठरलेल्या संध्याकाळी तो फ्रीजमधून सिरिंज काढायचा, आईंच्या खोलीत जायचा, दार लोटून घ्यायचा. माय-लेकांचं हळू आवाजात काहीतरी चालायचं. मी बाहेर भांडी लावत म्हणायची, बोलू देत, म्हातारीला बरं वाटेल.

आणि तो यादीत वर सरकायला लागला. एकेक जण मागं पडत गेला, आणि हिवाळा संपता संपता एका रविवारी तो घरी आला तो बूट न काढता दारातल्या स्टुलावर बसला आणि ढसाढसा रडला. त्याच्या वयाच्या यादीत पहिला. आईंनी मला मीठ-मोहऱ्या आणायला सांगितल्या. त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून खुर्चीत बसून त्यांनी त्याची दृष्ट काढली, तो एवढा घोडा त्यांच्यापुढं गुडघे टेकून बसलेला. दोघांचे डोळे भरलेले. मलाही भरून आलं होतं, खोटं कशाला बोलू.

इकडे आईंचं रक्त उतरत चाललं होतं. खोलीपासून बाथरूमपर्यंत गेल्या की भिंतीला टेकायच्या. ओठ पांढुरके. इंजेक्शन चालू असून हिमोग्लोबिन खाली का, डॉक्टरांना कळेना. शरीरात कुठं रक्तस्राव होतोय का, म्हणून तपासण्या लागल्या. शौचाची तपासणी, मग घशातून नळी घालून पोटाची. त्या नळीच्या वेळी आईंनी माझा हात इतका घट्ट धरला होता की बांगडी रुतली. काही सापडलं नाही. डॉक्टरांनी इंजेक्शनचा डोस वाढवला. रक्त आणखी उतरलं. हृदयावर ताण येतोय, असंच चाललं तर हृदय दगा देईल, असं त्यांनी मला एका कोपऱ्यात घेऊन कन्नडमध्ये सांगितलं, म्हणजे आईंना कळू नये. मी रजा काढत होते, कॅब बोलावत होते, रिपोर्ट आणत होते, आणि नवरा म्हणायचा, 'तू ग्रेट आहेस.' त्याला सकाळी लवकर झोपेतून उठून डोंगर चढायचा असायचा, म्हणून तो लवकर झोपायचा.

शेवटी डॉक्टर म्हणाले, घरचा फ्रीज नीट चालतोय की नाही कोण जाणे, यापुढं इंजेक्शन इथंच द्यायचं, डायलिसिस संपताना, आमच्यासमोर. साधी गोष्ट. मी घरी येऊन सांगितली, तर दोघं एकदम विरोधात. तो म्हणाला, 'काय गरज आहे? मी देतोय ना व्यवस्थित.' आणि ज्या बाईनं जन्मात कधी डॉक्टरच्या शब्दाबाहेर पाऊल टाकलं नाही त्या आई म्हणाल्या, 'नको गं, घरीच बरं. त्याचा हात हलका आहे.' मी दोघांकडे बघत राहिले. दुसऱ्या दिवशी बर्फाच्या डब्यात घालून सगळ्या सिरिंज हॉस्पिटलात नेऊन दिल्या.

दोन महिन्यांत आईंचे ओठ गुलाबी झाले. बाथरूमला जाऊन न टेकता परत यायला लागल्या. एकदा तर खुर्ची ओढून ओट्याशी बसल्या आणि कोथिंबीर निवडून दिली. आणि त्याच दोन महिन्यांत नवरा डोंगरावरून मान खाली घालून यायला लागला. झोप नीट होत नाही, ऑफिसचा ताण आहे, टायर बदलायला हवेत. आमच्या कामात असं असतं, एक वस्तू बदलली आणि दोन गोष्टी हलल्या, तर त्या दोन गोष्टी आतून एकमेकींना जोडलेल्या असतात. हे कळायला मला कुणी सांगावं लागलं नाही. मी डेस्कवर बसले होते, समोर दुसऱ्याच कुठल्यातरी प्रोग्रामची चूक उघडलेली होती, आणि मी ती न वाचता तशीच बंद केली.

मी आधी आईंना विचारलं. दुपारची वेळ, त्यांची वेणी घालत होते. म्हटलं, 'आई, घरी असताना इंजेक्शन तुम्हाला मिळत होतं का?'

त्या म्हणाल्या, 'कधी कधी मिळायचं.'

'आणि बाकीचं?'

'मीच म्हटलं त्याला, घे.' त्या वळल्या नाहीत, आरशात माझ्याकडे बघून बोलल्या. 'तो विचारत होता, हे घेतल्यावर कसं वाटतं तुला, ताकद येते का. सारखं विचारायचा. पोरगं इतकं दमून यायचं, पाय चोळत बसायचं. आईला कळत नाही का, काय हवंय ते? मी म्हटलं, एक घेऊन बघ. मला कुठं धावायचंय? बसूनच तर असते मी.'

'अहो, डॉक्टर म्हणत होते हृदय बंद पडेल तुमचं.'

'मला कुठं सांगितलं तसं कुणी?' त्या म्हणाल्या. 'आणि सांगितलं असतं तरी... तो पहिला येणार होता गं. सगळ्या बंगळुरात पहिला. शाळेत कधी आला नाही.'

मी वेणी अर्धी टाकून बाल्कनीत गेले. राग कुणावर काढायचा तेच समजेना. आई खोकल्या तरी मी वळले नाही, इतकी मी त्यांच्यावरही चिडले होते. पोटात नळी घालून घेतली, माझा हात धरून रडल्या, आणि तेव्हाही तोंड उघडलं नाही बाईनं.

नवऱ्याला खाली पार्किंगमध्ये गाठलं. वर आईंसमोर नको होतं. तो सायकल पुसत होता. मी म्हटलं, 'मला सगळं कळलंय.' त्यानं फडकं खाली ठेवलं. नाही म्हणाला नाही, एवढं खरं.

'मी मागितलं नव्हतं,' तो म्हणाला. 'ती म्हणाली घे.'

'आणि तू घेतलंस.'

'सुरुवातीला एकच घेतलं. मला वाटलं, एकानं तिला काय फरक पडणार आहे.'

'बाहेरून आणायचंस की. तुझे ते सगळे घेतात ना, ते कुठून आणतात?'

त्यावर तो जे बोलला ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. म्हणाला, 'बाहेरच्याची खात्री नसते. काय मिसळलेलं असेल सांगता येत नाही. हे हॉस्पिटलचं होतं.' आमच्या घरात तेल घाण्याचं येतं, भाजी सेंद्रिय येते. चोरीही त्याला शुद्ध लागली. मला हसू आलं, आणि मग इतका थकवा आला की मी तिथंच, कुणाच्यातरी स्कूटरवर बसले. त्याला म्हटलं, 'तुझी आई मेली असती.' तो म्हणाला, 'माहितेय.' म्हटलं, 'कधीपासून माहितेय?' त्यानं खाली ठेवलेलं फडकं पुन्हा उचललं.

मी घर सोडलं नाही. विचारतात, म्हणून सांगते. आईंना तीनदा हॉस्पिटलात कोण नेणार होतं? ज्यांना सोडून जावंसं वाटतं त्यांच्याच घरात अशी एक म्हातारी असते. मी फक्त त्याच्याशी बोलणं बंद केलं. यादीतला त्याचा पहिला नंबर एव्हाना दुसऱ्या कुणीतरी नेला होता. त्यानं स्वतःची ती वेळ काढून टाकतो असं मला सांगितलं, ॲपमध्ये तशी सोय आहे. पण ती पुसली नाही. मी रोज बघत होते.

आई मधल्यामध्ये सुकत होत्या. आम्ही बोलत नाही याचा दोष त्या स्वतःकडे घ्यायच्या. आणि मग एक दिवस म्हणाल्या, 'मला तो डोंगर बघायचाय. एकदा तरी दाखव, एवढं काय आहे तिथं.' मी म्हटलं, दगड आहेत. पण त्यांनी हट्टच धरला. हट्ट धरण्याइतकं रक्त अंगात आलं होतं, म्हणून मला बरंच वाटलं.

डायलिसिस नसलेला रविवार बघून मी त्यांना गाडीत घालून निघाले. नवरा सायकल घेऊन आधीच गेला होता. आई येणार आहेत हे त्याला माहीत होतं. त्याचं तोंड उतरलं होतं, पण नको म्हणायची हिंमत झाली नाही.

वर ही गर्दी. गाड्या लावायला जागा नाही, पोरंपोरी फोटो काढतायत, कणसं भाजली जातायत, माकडं लोकांच्या पिशव्या ओढतायत. आई खिडकीतून बघत होत्या. चेहरा खुलला होता. म्हणाल्या, 'केवढी माणसं आलीयेत त्याच्यासाठी.'

मी म्हटलं, 'आई, ही माणसं ढग बघायला आलीत.'

'आणि सायकलचं?'

'सायकलचं इथं कुणी बघत नाही.'

'मग रेघ कुठंय? ती संपायची?'

'तशी रेघ नसते हो. त्या यंत्रात असते.'

त्या ऐकेनात. मला दार उघडायला लावलं, काठी टेकून खाली उतरल्या, आणि पार्किंगच्या तोंडाशी, जिथं रस्ता वर येतो, तिथं कठड्याला टेकून उभ्या राहिल्या. हातात त्याच्यासाठी पाण्याची बाटली. एक रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडला, 'सैडिगे बन्नी अक्का.' बाजूला व्हा, म्हणत होता. मी त्यांना कडेला घेतलं.

तो आला. तोंड उघडं, चेहरा लाल, खाली मान. औषध नसलेला, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस. समोरून सेल्फी काढणाऱ्या दोन मुली चालत आल्या, त्यांना चुकवत तो थांबला. आईंनी बाटली पुढं केली. आई त्याच्यापासून हातभर अंतरावर उभी होती, आणि त्यानं आधी मान खाली घालून यंत्राकडे बघितलं. बोटानं घाम पुसून पुन्हा बघितलं. मग त्याला आई दिसली.

'कितवा आलास?' आईंनी विचारलं.

'मागं आहे गं. खूप मागं.'

'पुढं कोण आहेत?'

'माहीत नाही.'

'म्हणजे, तू ओळखत नाहीस त्यांना?'

'नाही.'

'ते तुला ओळखतात?'

त्यानं नाही अशी मान हलवली. आईंनी इकडं तिकडं बघितलं, कणसवाल्याकडे, माकडांकडे, ढगांचे फोटो काढणाऱ्या लोकांकडे. शोधत होत्या खरोखर, कुणीतरी असेल म्हणून. मग त्याच्याकडे वळल्या. आवाज चढवला नाही, त्यांना चढवता येतच नाही.

'मग माझं औषध घेऊन तू कुणाला दाखवलंस रे?' त्या म्हणाल्या.

तो माझ्याकडे बघायला लागला. या घरात सगळ्यांच्या वतीनं मीच उत्तरं देत आले आहे, डॉक्टरांना, वॉचमनला, नातेवाइकांना. हे त्याचं त्यानं द्यायचं होतं. मी आईंच्या हातातली बाटली घेतली आणि त्यांना धरून उभी राहिले. त्या त्याच्या तोंडाकडे बघत उत्तराची वाट पाहत होत्या.